नेतृत्व प्रशिक्षणातून निरंतर शिक्षणाची क्रेडिट्स : सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर शहरात आणि जिल्ह्यात मी टीम सांभाळणाऱ्यांसाठी कार्यशाळा घेतो. येणाऱ्यांत इन्चार्ज सिस्टर असतात, सीए असतात, मुख्याध्यापक असतात, चिंचोळी आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतले प्रॉडक्शन मॅनेजर असतात. नावनोंदणीच्या वेळी जवळपास प्रत्येकजण विचारतो, "याचे पॉइंट मिळतात का हो?" प्रश्न रास्त आहे. रविवार मोडायचा, फी भरायची, तर व्यवसायाच्या नोंदणीच्या रिन्यूअलला त्याचा उपयोग व्हावा असं वाटणारच. उत्तर मात्र व्यवसायागणिक बदलतं, म्हणून ते इथे एकत्र लिहून ठेवलं आहे.

निरंतर शिक्षणाची क्रेडिट्स म्हणजे काय?

पदवी झाली, नोंदणी झाली, तरी तुमचं ज्ञान ताजं आहे याचा पुरावा तुमची परिषद किंवा प्रमाणपत्र देणारी संस्था ठरावीक मुदतीने मागते. त्यासाठी ठरावीक तासांचं शिक्षण घ्यावं लागतं आणि त्याची मोजणी क्रेडिट्समध्ये होते. डॉक्टर त्याला सीएमई पॉइंट म्हणतात, नर्स सीएनई, सीए सीपीई तास, शिक्षक सीपीडी, प्रोजेक्ट मॅनेजर पीडीयू. नावं वेगळी आहेत तसा हिशेबही वेगळा आहे.

प्रशिक्षण पूर्ण केलं की क्रेडिट्स आपोआप जमा होतात का?

नाही. क्रेडिट प्रशिक्षक देत नाही, परिषद देते. मी सर्टिफिकेटवर "६ तास" लिहून सही करू शकतो, पण ते सहा तास धरायचे की नाही हे तुमची परिषद ठरवते.

पद्धती मुख्यतः दोन. पहिलीत कार्यक्रमालाच आधी मान्यता घ्यावी लागते. ती नसेल तर कार्यक्रम कितीही चांगला असो, पॉइंट शून्य. डॉक्टर आणि नर्स इथे येतात. दुसरीत तुम्ही स्वतः पोर्टलवर तास नोंदवता आणि संस्था पुढे कधीही पुरावा मागू शकते. पीएमपीसारखी (प्रोजेक्ट मॅनेजरांसाठीची) आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रं या पद्धतीने चालतात. सीएंच्या बाबतीत दोन्हींचं मिश्रण आहे.

म्हणून पैसे भरण्याआधी आयोजकाला विचारा : "माझ्या कौन्सिलची मान्यता घेतली आहे का? तिचा क्रमांक काय?" उत्तर "होऊन जाईल हो, काळजी करू नका" असं आलं तर मान्यता नाही असं धरून चाला.

मी डॉक्टर आहे. हॉस्पिटल मॅनेजमेंटची कार्यशाळा केली तर एमएमसीचे पॉइंट मिळतील?

महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या (एमएमसी) नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी होतं आणि त्या पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात, म्हणजे वर्षाला सरासरी ६. हे पॉइंट परिषदेची मान्यता असलेल्या संस्थेने आधी मंजूर करून घेतलेल्या कार्यक्रमांचेच मिळतात. खासगी व्यवस्थापन संस्थेच्या दोन दिवसांच्या निवासी शिबिरातून तुम्ही खूप काही शिकाल, पण मान्यता नसेल तर रिन्यूअलच्या वेळी ते कागद कामाला येणार नाहीत.

वाट मात्र बंद नाही. मान्यता असलेली संघटना किंवा वैद्यकीय महाविद्यालय आपल्या सीएमईत संवाद, रुग्णसुरक्षा, नीतिशास्त्र, टीमवर्क यांवर सत्र ठेवू शकतं. सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आहे, आयएमए या डॉक्टरांच्या संघटनेची शाखा आहे. आयोजक तुमच्या ओळखीतलेच असतात. त्यांच्याकडे असं सत्र मागा. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीबाहेर पंचवीस नातेवाईक जमतात तेव्हा त्यांच्याशी कोणी बोलायचं, काय सांगायचं, रेसिडेंटला एकटं कोणी सोडायचं नाही, हे आधी ठरलेलं असलं पाहिजे. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. तो घटनेनंतर उपयोगी पडतो. घटना टळावी म्हणून जे करायचं त्याचा सराव हॉलमध्येच होतो.

नर्सिंगसाठी काय नियम आहे? वॉर्ड इन्चार्जला नेतृत्वाचं प्रशिक्षण धरलं जातं का?

भारतीय परिचर्या परिषदेने पाच वर्षांत १५० तासांचं निरंतर शिक्षण ठरवलं आहे आणि नोंदणीचं नूतनीकरण त्याच्याशी जोडलेलं आहे. इथेही कार्यक्रमाला राज्य परिषदेची मान्यता लागते. विषयाची अडचण नर्सिंगमध्ये फारशी येत नाही, कारण व्यवस्थापन हा नर्सिंगच्या अभ्यासक्रमाचाच भाग आहे.

माझ्या मते नेतृत्वाच्या शिक्षणाची सर्वांत जास्त गरज आणि सर्वांत जास्त फळ या एका गटात आहे. इन्चार्ज सिस्टरला पदाबरोबर अधिकार थोडे मिळतात आणि जबाबदारी सगळी मिळते. ड्यूटी लावणं, नव्या मुलींना घडवणं, डॉक्टरांपुढे ठामपणे बोलणं, आयांना आणि वॉर्डबॉयना बरोबर घेणं, हे तिला कोणी शिकवलेलं नसतं. ती चांगली नर्स होती म्हणून इन्चार्ज झाली, एवढंच.

एक उदाहरण देतो. रुग्णाची तब्येत बिघडते आणि ड्यूटीवरची सिस्टर डॉक्टरांना फोन करते. "सर, पेशंट बरा वाटत नाही" एवढंच सांगितलं तर समोरचा झोपेतला माणूस "बघतो सकाळी" म्हणण्याची शक्यता असते. जगभरच्या रुग्णालयांत यासाठी एसबार नावाची चार पायऱ्यांची पद्धत शिकवतात : आत्ता काय झालंय, रुग्णाची पार्श्वभूमी काय, मला काय वाटतंय, तुम्ही काय करावं. ही पद्धत अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांमधून रुग्णालयांत आली. चौथी पायरी आपल्याकडच्या सिस्टरांना सर्वांत जड जाते. "सर, तुम्ही आत्ता येऊन बघा" असं म्हणायची सवयच नसते. ते वाक्य मोठ्याने दहा वेळा म्हणून घेणं, एकीने डॉक्टर व्हायचं आणि दुसरीने फोन करायचा, असा सराव जिथे होतो त्या प्रशिक्षणाला जा. पॉइंट तर घ्याच, पण हे घेऊन या.

सर्टिफिकेटवर काय काय असायला हवं?

नोंदणीवर आहे तसंच नाव, नोंदणी क्रमांक, तारीख, विषय, जेवणाची सुट्टी वगळून प्रत्यक्ष तास, आयोजकाचं नाव आणि सही, मान्यता लागत असेल तर तिचा क्रमांक.

नावाबद्दल थोडं सांगतो, कारण घोळ तिथेच होतो. अनेक डॉक्टर आणि नर्स भगिनींची नोंदणी माहेरच्या नावाने असते आणि कार्यशाळेला त्या सासरच्या नावाने नाव देतात. कुणाचं वडिलांचं नाव गळतं, कुणाच्या आडनावाचं स्पेलिंग बदलतं. पाच वर्षांनी आयोजकाला शोधून दुरुस्ती करून घेणं फार अवघड जातं. नोंदणी फॉर्म भरताना परिषदेचं कार्ड समोर ठेवा आणि सर्टिफिकेट हातात पडल्यावर हॉल सोडण्याआधी वाचा. त्याच दिवशी फोटो काढून स्वतःला मेल करून ठेवा.

सीए आहे. सीपीई तासांत नेतृत्व किंवा संवादकौशल्य चालतं का?

चालतं, पण 'स्ट्रक्चर्ड' आणि 'अनस्ट्रक्चर्ड' हा फरक लक्षात ठेवा. साठीच्या आतल्या आणि प्रॅक्टिसचं सर्टिफिकेट असलेल्या सभासदांना २०२३ ते २०२५ या तीन वर्षांच्या गटात १२० तास होते. त्यांतले किमान ६० स्ट्रक्चर्ड आणि दर वर्षी किमान २० स्ट्रक्चर्ड. पुढच्या गटाचे आकडे सीएंच्या संस्थेच्या (आयसीएआय) सीपीई पोर्टलवर पाहून घ्या. स्ट्रक्चर्ड तास संस्थेच्या शाखा, मान्यताप्राप्त स्टडी सर्कल अशा ठिकाणच्याच कार्यक्रमांचे मिळतात. सोलापुरात संस्थेच्या पश्चिम विभागीय परिषदेची शाखा आहे, त्यामुळे तास इथेच जमवता येतात. खासगी प्रशिक्षकाकडची कार्यशाळा फार तर अनस्ट्रक्चर्डमध्ये बसवता येते का ते पाहायचं.

शाखेच्या कार्यक्रमांत जीएसटी आणि आयकर हे विषय भरपूर असतात आणि ते असायलाच हवेत. पण ऑफिस चालवणाऱ्या सीएला सप्टेंबरात सतावतात ते आर्टिकल्स, म्हणजे ऑफिसात शिकाऊ म्हणून काम करणारी मुलं : कोण सोडून चाललंय, कोणाला काम सांगितलं की दोनदा तपासावं लागतं. त्यावरही शाखेने सत्र ठेवावं असं मला मनापासून वाटतं. सभासदांनी मागितलं तर ठेवतील.

ऑनलाइन कोर्सच्या सर्टिफिकेटवर "१.५ सीईयू" लिहिलंय. म्हणजे दीड तास का?

नाही, पंधरा तास. सीईयू हे मुळात अमेरिकेतलं एकक आहे आणि एक सीईयू म्हणजे दहा संपर्क तास. बरेच जण १.५ हाच आकडा पोर्टलवर टाकतात आणि साडेतेरा तासांना मुकतात. उलट बाजूनेही सावध राहा : सर्टिफिकेटवर सीईयू छापलं आहे म्हणून भारतातली परिषद ते मानेल असं नाही.

पीएमपी आहे. पीडीयूसाठी नेतृत्व प्रशिक्षण कितपत उपयोगी?

फारच उपयोगी. तीन वर्षांत ६० पीडीयू लागतात आणि साधारण एक तास म्हणजे एक पीडीयू. त्यांतले किमान ३५ शिक्षणाचे असावे लागतात. ते तीन बाजूंत विभागलेले असतात : कामाच्या पद्धती, पॉवर स्किल्स आणि व्यवसायाची समज. प्रत्येकीत किमान ८. पॉवर स्किल्स ही बाजू २०२२ पर्यंत थेट 'लीडरशिप' या नावानेच होती. संघ उभा करणं, वाद सोडवणं, संवाद, समोरच्याचं ऐकून घेणं, सगळं तिच्यात येतं. म्हणजे नेतृत्व प्रशिक्षण इथे सवलतीने धरलं जात नाही, ते मागितलंच जातं.

पुण्यातल्या कंपनीचं काम सोलापुरात घरून करणारे अनेकजण शेवटच्या महिन्यात एकाच विषयाचे वेबिनार लावून ६० भरतात आणि मग कळतं की एका बाजूचे ८ भरलेलेच नाहीत. दर सहा महिन्यांनी तिन्ही रकाने बघा. तिसऱ्या वर्षात जास्तीचे मिळाले तर २० पर्यंत पीडीयू पुढच्या चक्रात नेता येतात. मुदत हुकली तर प्रमाणपत्र एक वर्ष निलंबित राहतं, त्या काळात नावापुढे पीएमपी लावता येत नाही, आणि तरीही भरपाई झाली नाही तर परीक्षा पुन्हा.

कार्यशाळा मराठीत झाली असेल तर? तास तासच असतात. विषयाचं वर्णन आणि वेळापत्रक इंग्रजीत एका पानावर आयोजकाकडून मागून घ्या, तपासणी आली तर तेच कामाला येईल.

एचआरमध्ये आहे, एसएचआरएम या एचआरवाल्यांच्या अमेरिकी संस्थेचं प्रमाणपत्र आहे.

तीन वर्षांत ६० पीडीसी (त्यांची क्रेडिट्स), नाहीतर परीक्षा पुन्हा द्यायची. नेतृत्व हा त्यांच्या क्षमतांच्या यादीतलाच विषय आहे. तास स्वतः नोंदवायचे, पुरावा जपायचा.

एकच कार्यशाळा दोन ठिकाणी दाखवता येते का?

दोन्ही संस्थांच्या नियमांत विषय बसत असेल तर येते. एखाद्या सीएकडे सीसा हे माहिती प्रणालीच्या लेखापरीक्षणाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रही असेल, तर त्याला तिकडे तीन वर्षांत १२० आणि दर वर्षी किमान २० तास लागतात. माहिती प्रणालीच्या लेखापरीक्षणावरचं सत्र दोन्हीकडे चालू शकतं. मोजणी मात्र वेगळी असते. सीसासाठी ५० मिनिटांचा एक तास धरतात.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक आहे. मला क्रेडिट कोण मागणार?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तासांचं सीपीडी करावं अशी अपेक्षा लिहिली आहे. मुख्याध्यापकांसाठी तर वेगळा उल्लेख आहे : त्यांचेही ५० तास, आणि त्यांत नेतृत्व व व्यवस्थापन आलं पाहिजे. एवढं थेट लिहिलेलं फार थोड्या व्यवसायांत सापडतं.

तास कुठून मिळवायचे? दीक्षा पोर्टलवरचे अभ्यासक्रम आहेत, २०१९ मध्ये सुरू झालेल्या निष्ठा कार्यक्रमातली शालेय नेतृत्वाची मॉड्यूल आहेत, दिल्लीच्या 'नीपा' या शैक्षणिक नियोजनाच्या संस्थेतल्या राष्ट्रीय शालेय नेतृत्व केंद्राचा ऑनलाइन अभ्यासक्रम आहे. राज्यात छत्रपती संभाजीनगरची 'मिपा' ही तशीच संस्था हेच काम करते. या सगळ्यांची फी नाही किंवा नगण्य आहे. मुख्याध्यापकांनी खिशातून मोठी रक्कम भरून खासगी कोर्स आधी करू नये, हे मी स्वतः कार्यशाळा घेत असूनही सांगतो. आधी हे संपवा.

नंतर वाटलं तर प्रत्यक्ष सरावासाठी या, कारण पोर्टलवर एक गोष्ट शिकता येत नाही : समोर बसलेल्या माणसांशी बोलणं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. अक्कलकोट तालुक्याच्या सीमेवरच्या गावात त्यांतल्या काही आया घरी कन्नड बोलतात. बैठकीत त्या गप्प बसतात, ठराव पुरुष मंडळी सांगतात आणि सह्या होतात. त्या आयांना बोलतं करणं, पटसंख्या, शौचालयाची दुरुस्ती, दिवाळीनंतर कामासाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबांची मुलं, यांवर त्यांचं मत काढून घेणं, हे मुख्याध्यापकाचं नेतृत्व. सरपंचांना न दुखावता हे कसं करायचं याचा सराव चार अनुभवी मुख्याध्यापक एकत्र बसूनच करू शकतात.

वरिष्ठ आणि निवड श्रेणीच्या प्रशिक्षणाऐवजी नेतृत्वाचं सर्टिफिकेट चालेल का?

नाही. १२ आणि २४ वर्षांच्या सेवेनंतरच्या वेतनश्रेणीसाठी शासनाने ठरवलेलं प्रशिक्षणच लागतं. कोणी "आमचं चालतं" म्हणून फी मागत असेल तर देऊ नका.

कॉलेजात प्राध्यापक आहे. कॅसच्या (करिअर अ‍ॅडव्हान्समेंट स्कीम) बढतीला काय चालतं?

यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत बसणारे ओरिएंटेशन, रिफ्रेशर, एफडीपी (फॅकल्टी डेव्हलपमेंट प्रोग्रॅम). सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रमाच्या आठ विषयांत शैक्षणिक नेतृत्व, प्रशासन आणि व्यवस्थापन हा एक विषय आहे. विभागप्रमुख किंवा प्राचार्यपदाकडे जाणाऱ्यांनी तो घ्यावा. अभियांत्रिकीच्या शिक्षकांना एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या पोर्टलचा मार्ग सोयीचा : आयआयटीच्या प्राध्यापकांनी शिकवलेले नेतृत्व आणि संघबांधणीचे अभ्यासक्रम तिथे आहेत. शिकणं फुकट आहे, पैसे फक्त परीक्षेचे. ती केंद्रावर जाऊन द्यावी लागते. बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम दीड एफडीपी धरला जातो, आठ आठवड्यांचा एक.

ही क्रेडिट्स अ‍ॅकॅडमिक बँकेत जमा होतात का?

नाही, ती वेगळी क्रेडिट्स. अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स पदवी-पदविकेच्या शिक्षणासाठी आहे. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात ३० तासांच्या अध्ययनाला एक क्रेडिट मिळतं, म्हणजे एका दिवसाची सहा तासांची कार्यशाळा तिथे एक पंचमांश भरते. दोन्ही हिशेब एकमेकांत मिसळू नका.

सरकारी नोकरीत आहे.

आयगॉट कर्मयोगी या सरकारी कर्मचाऱ्यांच्या ऑनलाइन प्रशिक्षण पोर्टलवर खातं उघडा. मिशन कर्मयोगीला केंद्राने सप्टेंबर २०२० मध्ये मंजुरी दिली आणि राज्यातले कर्मचारीही ते वापरतात. तिथलं सर्टिफिकेट सेवेच्या नोंदीसाठी चांगलं. डॉक्टर असाल तर त्याने एमएमसीचे पॉइंट मात्र भरत नाहीत.

रोटरी, लायन्स, जेसीजच्या प्रशिक्षणाचं काय?

माणूस घडायला उत्तम. सोलापुरातल्या कितीतरी जणांना माईक धरायला तिथेच जमलं. परिषदेची क्रेडिट्स त्यातून मिळत नाहीत. स्वतः तास नोंदवायच्या पद्धतीत विषय जुळत असेल तर दाखवता येतील.

मी टॉवेल कारखान्यात मॅनेजर आहे. मला ना परिषद, ना रिन्यूअल. मग मी कशाला?

तुम्हाला क्रेडिट्सची गरज नाही, हे खरं. "आंतरराष्ट्रीय क्रेडिट्स" म्हणून जास्त फी लावणाऱ्या कोर्सकडे तुम्ही वळू नका. गरज आहे ती दुसरीच. आपल्याकडे लूमवरचा उत्तम कारागीर एक दिवस सुपरवायझर होतो. कालपर्यंत खांद्याला खांदा लावून काम करणाऱ्यांना आज त्याने सूचना द्यायच्या असतात. पाळीत तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू बोलणारे असतात. मालक पुण्या-मुंबईच्या प्रशिक्षकाला बोलावतो. तो इंग्रजी स्लाइड दाखवून जातो आणि सोमवारी सगळं पहिल्यासारखं.

अशा सुपरवायझरसाठी एका दिवसाच्या भाषणापेक्षा महिनाभर आठवड्याला दोन तास, कारखान्यातच, पाळी सुटल्यावर, असं प्रशिक्षण मागा. पहिल्या आठवड्यात चूक कशी दाखवायची, दुसऱ्यात उशिरा येणाऱ्याशी कसं बोलायचं, मधल्या दिवसांत ते करून पाहायचं आणि पुढच्या बैठकीत काय झालं ते सांगायचं. तेलुगू बोलणारा एखादा जुना जॉबर (लूमवरचा मुकादम) बरोबर असेल तर अर्धं काम तिथेच होतं.

वर्षातला कोणता काळ बरा?

ऑगस्ट आणि नोव्हेंबर-डिसेंबर. जानेवारीत संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते, शहरात हॉल आणि माणसं दोन्ही मिळत नाहीत. आषाढीच्या आधी वैद्यकीय, महसूल, पोलीस सगळे पंढरपूरच्या तयारीत असतात. मार्च हिशेबाचा, सप्टेंबर-ऑक्टोबर सीएंच्या धावपळीचा. एप्रिल-मेमधल्या दुपारी वातानुकूलित हॉल नसेल तर सत्र सकाळी सातला लावा.

मीच कार्यशाळेत शिकवलं तर मला क्रेडिट मिळतं का?

पीएमपीमध्ये मिळतं. शिकवणं, मार्गदर्शन, स्वयंसेवी काम हे 'गिव्हिंग बॅक'मध्ये धरतात, मात्र तीन वर्षांच्या ६० पैकी जास्तीत जास्त २५ पीडीयू असे चालतात. इतर परिषदांकडे वक्ता म्हणून नाव देण्याआधीच आयोजकाकडून लेखी विचारून घ्या. कार्यक्रमानंतर सर्टिफिकेटवर "वक्ता" आणि तास दोन्ही लिहून मागा. पुष्पगुच्छ आणि चादर देऊन सत्कार सगळे करतात, कागद द्यायचा मात्र राहून जातो.